भीतीचा धनी

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाची कारणे सांगितली आहेत. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्यांची आणि घुबडांची ओरड, ओसाड घर, रान, स्वजनांचा वध किंवा त्यांना जखडलेले पाहणे, अशा गोष्टी कानावर येणे. त्यामागोमाग लक्षणे येतात: हातापायांना कंप, अंगावर काटा, चेहऱ्याचा उडालेला रंग, फुटेनासा झालेला आवाज. आज भयपट काढणाऱ्या दिग्दर्शकाच्या हाती ही यादी दिली तर त्याला तीत फारशी भर घालावी लागणार नाही. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (1984) ती जवळजवळ जशीच्या तशी दिसते. राम गोपाल वर्मांच्या ‘भूत’मध्ये (2003) ओसाड वाड्याच्या जागी मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट आला, एवढाच फरक. पण या यादीपेक्षाही भरताने तिला दिलेली जागा मला जास्त विचार करायला लावते. शृंगार, हास्य, वीर यांच्या पंक्तीला त्याने भयानकाला बसवले आणि हाही आस्वाद घेण्याचाच विषय आहे असे गृहीत धरले. जी भीती टाळण्यासाठी माणूस घराला कुलपे लावतो, देवाला नवस बोलतो, आयुष्यभर पैसा साठवतो, तीच भीती तो तिकीट काढून अंधारात बसून का पाहतो? प्रश्न सोपा दिसतो. त्याचे प्रचलित उत्तर मात्र मला पुरेसे वाटत नाही.

शृंगाराबद्दल हा प्रश्न पडत नाही, कारण प्रेम जीवनातही हवेसे असते. करुणाबद्दल पडतो, आणि त्यावर आपल्या साहित्यशास्त्रात पुष्कळ खल झालेला आहे. पण करुणाच्या बाजूने निदान एक बचाव करता येतो. दुःखात माणसाचे मोठेपण दिसते, सीतेच्या किंवा हरिश्चंद्राच्या व्यथेपुढे आपण नम्र होतो. भीतीला असा कोणताही आधार नाही. भ्यालेला माणूस उदात्त दिसत नाही. त्याची बोबडी वळते, तो पळतो, लपतो, इतरांना ढकलून पुढे जातो. म्हणून कलेतला आनंद कशाचा असतो या प्रश्नाची खरी कसोटी भयानक रसापाशी लागते, असे मी मानतो. इथे टिकणारे उत्तर इतर रसांनाही लागू पडेल. इथे कोसळणारे उत्तर करुणापाशीही फार काळ उभे राहणार नाही.

बहुतेकांच्या तोंडी असलेले उत्तर सुटकेचे आहे. भीती दुःखद असते, पण ती संपली की हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यासाठीच आपण ती सोसतो, असे ते उत्तर. मानसशास्त्रात याची सुधारलेली आवृत्तीही आहे. भीतीने चाळवलेले शरीर संकट टळताच तीच उत्तेजना आनंदाच्या खाती जमा करते, असे डॉल्फ झिलमनने मांडले. पण मग ज्या भयकथेत सुटका नाहीच, ती का आवडते? ‘रोझमेरीज बेबी’ (1968) संपतो तेव्हा कोणतेही संकट टळलेले नसते, उलट ते पाळण्यात येऊन बसलेले असते. रत्नाकर मतकरींच्या कितीतरी गूढकथा नेमक्या शेवटच्या वळणावर वाचकाच्या पायाखालची जमीन काढून घेतात आणि तिथेच थांबतात. वाचक त्या पुन्हा वाचतो. दुसरे उत्तर कुतूहलाचे. अमेरिकी तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी 1990 सालच्या आपल्या ग्रंथात असे म्हटले की भयकथेतला राक्षस आपल्या जगाच्या कोणत्याच कप्प्यात बसत नाही. तो धोकादायक असतो आणि किळसवाणाही. त्याच्याविषयीची उत्सुकता आपल्याला ओढून नेते आणि भीती ही त्या उत्सुकतेची आपण मोजलेली किंमत असते. (धोका आणि किळस यांची ही जोडी भरतालाही ठाऊक होती. भयानकाचा उगम त्याने बीभत्सातच दाखवला आहे.) कॅरलच्या मांडणीत तथ्य आहे, पण ती पहिल्या पाहण्यापुरती पुरते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ 2018 साली आला तेव्हा बेताचाच चालला. मधली वर्षे तो घरोघरी पडद्यावर उपलब्ध होता. 2024च्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्यातला राक्षस हस्तर कोण, तो कुठे राहतो, त्याला काय हवे असते, हे आता पुष्कळांना माहीत होते. कुतूहल शमलेले होते आणि तरी लोक त्या विहिरीत पुन्हा उतरायला आले.

माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नाच्या मुळापर्यंत पोहोचलेला पहिला माणूस म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकातला काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त. नाट्यशास्त्रावरच्या आपल्या टीकेत रसाचे स्वरूप उलगडताना तो उदाहरण घेतो ते भीतीचे. कालिदासाच्या शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताचा रथ एका हरणाचा पाठलाग करतो आहे. हरीण मान वळवून मागे पाहते, अंग आखडून घेते, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले गवत वाटेवर सांडत जाते. अभिनवगुप्त विचारतो, हे पाहताना प्रेक्षकाच्या मनात नेमके काय घडते? ते हरीण म्हणजे अमुक वनातले अमुक हरीण नव्हे. त्याला घाबरवणारा राजाही खरा नव्हे, तो नट आहे. स्थळ-काळाच्या खुणा गळून जातात. उरते ती निव्वळ भीती. व्यवहारातली भीती ‘मी भ्यालो’, ‘माझा शत्रू भ्याला’, ‘माझा मित्र भ्याला’ किंवा ‘कुणी तिऱ्हाईत भ्याला’ अशीच असते, आणि प्रत्येक वेळी तिच्यामागे काहीतरी करण्याची लगबग लागते: पळावे, मदत करावी, सूड उगवल्याचे समाधान मानावे किंवा दुर्लक्ष करावे. रंगभूमीवरची भीती या लगबगीतून सुटलेली असते. ती कुणाचीच नसते म्हणून ती डोळ्यांपुढे स्थिर उभी राहते, काळजात शिरल्यासारखी स्पष्ट दिसते. अभिनवगुप्ताने हेही बजावले आहे की या अवस्थेत प्रेक्षकाचा ‘मी’ पुरता पुसला जात नाही आणि खास उठूनही दिसत नाही.

इथे मला बृहदारण्यक उपनिषदातली एक जुनी कथा महत्त्वाची वाटते. सृष्टीच्या आरंभी एकट्या असलेल्या प्रजापतीला भीती वाटली. मग त्याने विचार केला की माझ्याखेरीज दुसरे काही नाहीच, तर मी भितो कुणाला? विचार होताच भीती गेली. उपनिषद निष्कर्ष काढते की भीती दुसऱ्यापासून निर्माण होते. भीतीला दोन टोके लागतात, एकीकडे ‘मी’ आणि दुसरीकडे मला गिळू पाहणारे काहीतरी. वेदान्ती दुसऱ्या टोकाचा निरास करतो आणि अभयाला पोहोचतो. कला वेगळी वाट धरते. ती दुसऱ्याला हाकलत नाही, उलट त्याला भयंकर रूप देऊन समोर आणते. ती सैल करते ते पहिले टोक, म्हणजे भीतीवरची ‘माझी’ ही मोहर. माझे म्हणणे एवढेच आहे की भयपटात आपल्याला आनंद देते ती धनी नसलेली भीती. जीवनात भीती आपल्याला कधी दिसतच नाही, कारण ती आली की आपण तिच्या हुकमाने पळत सुटतो. पाठलाग करणाऱ्याचा चेहरा पळणाऱ्याला कसा दिसणार? जन्मापासून सोबत असलेल्या आणि आपले निम्मे निर्णय घेणाऱ्या या सत्तेकडे तोंड करून उभे राहण्याची संधी अंधाऱ्या सभागृहात मिळते. पाहणे आणि ओळखणे यात जो मूळचा आनंद आहे, तो इथे भीतीच्या वाट्याला येतो.

याचे सर्वांत मोठे प्रमाण मला गीतेत सापडते. अकराव्या अध्यायात अर्जुन स्वतःहून विश्वरूप पाहायला मागतो. त्याला दिसते ते आजच्या कोणत्याही भयपटापेक्षा भीषण आहे: विक्राळ दाढा, त्यांत वेगाने शिरणारे योद्धे, दातांच्या फटींत चूर झालेली मस्तके. अर्जुन म्हणतो की कधी न पाहिलेले हे पाहून मला हर्ष झाला आहे आणि भयाने माझे मन व्याकूळही झाले आहे. दोन्ही एकाच श्वासात. ज्ञानदेवांनी या अध्यायाच्या आरंभी शांत आणि अद्भुत या रसांच्या भेटीचे वर्णन केले आहे, आणि धर्मानुभवाचे विश्लेषण करणारा जर्मन पंडित रुडॉल्फ ओट्टो याने 1917 साली पवित्र वस्तूत थरकाप आणि आकर्षण एकत्र असतात असे मांडले तेव्हा त्यालाही हाच अध्याय आठवला. पण अर्जुनाला ते फार वेळ सोसवत नाही. हे रूप आवर, पूर्वीचे सौम्य रूप दाखव, अशी विनवणी तो करतो. आता त्याच दृश्याचा दुसरा साक्षीदार पाहा. संजयाला व्यासांच्या कृपेने हे सारे दुरून दिसले. गीतेच्या अगदी शेवटी, अठराव्या अध्यायात, तो धृतराष्ट्राला सांगतो की हरीचे ते अत्यद्भुत रूप आठवून आठवून मला विस्मय वाटतो आणि मी पुन्हा पुन्हा हर्षित होतो. दृश्य एकच. अर्जुनाला ते थांबवावेसे वाटते, संजयाला ते परत परत आठवावेसे वाटते. अर्जुनाची भक्ती संजयाहून कमी आहे म्हणून असे होते काय? तसे कुणी म्हणणार नाही. फरक आहे तो जागेचा. त्या दाढांत शिरणारे भीष्म, द्रोण, कर्ण हे अर्जुनाचे आप्त, गुरू आणि वैरी आहेत. उद्याचा बाण त्याला सोडायचा आहे. ती भीती त्याची आहे. संजय पाहणारा आहे. आणि तिसरा आहे धृतराष्ट्र. तोच वृत्तान्त, तेच शब्द त्याच्या कानी पडतात, पण त्याची मुले त्या रणांगणावर आहेत. गीताभर त्याच्या तोंडून हर्षाचा एक उद्गार निघत नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादातली जी सात विघ्ने सांगितली त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाने बांधले जाणे हे एक आहे. धृतराष्ट्र हे त्याचे मूर्तिमंत उदाहरण.

संशोधनातला पुरावाही याच दिशेला बोट दाखवतो. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी वायले गावाजवळच्या एका भीतिघरात जाणाऱ्या 110 लोकांच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे बांधली. त्यांचा लेख 2020 साली प्रसिद्ध झाला. भीती फारच थोडी तेव्हा मजा थोडी, आणि भीती फार वाढली की मजा पुन्हा उतरलेली, असे त्यांना दिसले. सर्वाधिक आनंद मधल्या पट्ट्यात होता. केवळ शरीर चाळवले जाण्यातच आनंद असता तर जितकी भीती जास्त तितका आनंद जास्त दिसला असता. तसे होत नाही, कारण एका मर्यादेपलीकडे भीती पुन्हा आपला धनी शोधते. समोर मुखवटा घातलेला नट आहे हे विसरले की माणूस पाहणारा राहत नाही, सापडलेला होतो.

आता आक्षेपांकडे वळतो. त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत समर्थ आक्षेप आपल्याच परंपरेतला आहे. हेमचंद्राचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र या जैन पंडितांनी बाराव्या शतकात गुजरातेत ‘नाट्यदर्पण’ लिहिले. सर्व रस आनंदमय असतात हे मत त्यांनी साफ नाकारले. करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे त्यांच्या मते दुःखरूपच आहेत. प्रेक्षक खरोखर उद्विग्न होतो. मग तो जातो कशाला? कवीचे आणि नटाचे कसब पाहून तो थक्क होतो, म्हणून. ज्या शत्रूने आपले मस्तक उडवायचे त्याच्याही तलवारीच्या हाताला शूर पुरुष दाद देतो, असा त्यांचा दाखला आहे. या मताचा अर्धा भाग मला मान्य आहे, आणि तो अनेक रसवाद्यांनी फार सहज उडवून लावला असे वाटते. भयपट पाहताना छाती खरोखर धडधडते, तळहाताला घाम येतो. हे सुखच आहे असे म्हणणे अनुभवाशी बेइमानी करण्यासारखे आहे. केंडल वॉल्टन या तत्त्वज्ञाने 1978 साली असे सुचवले की प्रेक्षकाची भीती ही खरी भीती नव्हे, लुटुपुटीच्या खेळातली भीती आहे, कारण तो खुर्ची सोडून पळत नाही. मला तेही पटत नाही. पळण्याची लगबग नाही एवढ्यावरून भीती खोटी ठरत नाही, ती फक्त मोकळी झालेली असते. म्हणून दुःख आहे हे नाट्यदर्पणकारांचे म्हणणे खरे. पण आनंद कसबाचा आहे हे त्यांचे दुसरे म्हणणे टिकत नाही. कसबच हवे तर रामसे बंधूंच्या त्या ओबडधोबड मुखवट्यांना गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये एवढी गर्दी का व्हावी? उलट चांगल्या भयपटात दिग्दर्शकाचे कसब नजरेत भरले की भीती तिथल्या तिथे विरते. दुःख आणि आनंद ही इथे दोन वेगळी खाती नाहीत. ज्या भीतीने छाती धडधडते, तीच स्पष्ट दिसते आहे म्हणून मन तिच्यापाशी थांबते.

यावर कुणी म्हणेल की किंकाळी फोडणारा, शेजारच्याचा दंड धरणारा, डोळ्यांवर हात ठेवणारा प्रेक्षक हा कसला साक्षी? प्रश्न रास्त आहे. न. चिं. केळकरांनी काव्यानंदाला ‘सविकल्प समाधी’ म्हटले ते इथे उपयोगी पडते. वाचक पात्राशी एकरूप होतो आणि त्याच वेळी आपले वेगळेपणही राखून असतो. दोन्ही एकदम असण्यातच आनंद आहे. डोळ्यांवर ठेवलेल्या हाताची बोटे किंचित फाकलेली असतात. समाधी आणि विकल्प हे दोन्ही त्या फटीत आहेत.

एडमंड बर्कचा आक्षेप अधिक बोचरा आहे, कारण तो आपल्या नीतीवर येतो. 1757 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने म्हटले आहे की सर्वोत्तम शोकांतिका रंगमंचावर चालू असताना शेजारच्या चौकात एका बड्या गुन्हेगाराला फाशी देणार आहेत अशी वार्ता आली, तर नाट्यगृह क्षणात ओस पडेल. म्हणजे माणसाला दुसऱ्याचे हाल पाहणेच आवडते आणि कला हा त्याचा सोवळा पर्याय आहे. लंडनच्या टायबर्नला 1783 पर्यंत फाशी पाहायला लोक लोटत असत, हे खरे. पण तिथला बघ्या कुणाच्या बाजूने उभा असतो? त्या दोरीखाली मी नाही, तो आहे, या जाणिवेवर त्याचे सुख उभे असते. अभिनवगुप्ताच्या भाषेत ती शत्रूची किंवा तिऱ्हाइताची भीती आहे, तिला पुरेपूर धनी आहे. भयपट प्रेक्षकाला नेमके उलट ठिकाणी नेतो. कॅरल क्लोव्हर यांनी 1992 साली अमेरिकी खूनपटांचा अभ्यास करून दाखवले की हे चित्रपट पाहणारी बहुसंख्य तरुण मुले शेवटी ज्या पात्राच्या काळजाने श्वास घेतात ती एक मुलगी असते, खुन्याच्या हातून एकटी वाचलेली. चित्रपटाची सुरुवात खुन्याच्या नजरेने झाली तरी शेवटाकडे नजर तिची होते. हे निरीक्षण भरताच्या एका मतालाही छेद देते. भयानक रस मुख्यतः स्त्रियांचा आणि नीच प्रकृतीच्या माणसांचा, असे त्याने लिहिले. तो त्या काळाचा पूर्वग्रह होता. पण बलदंड तरुणाला एका मुलीच्या भीतीतून स्वतःची भीती प्रथमच दिसते, हे घडू शकते ते भीती कुणा एकाची उरत नाही म्हणूनच. क्रूरतेला प्रेक्षक आणि बळी यांत भिंत लागते. रसात ती भिंत पडते. काही चित्रपट ही भिंत मुद्दाम उभारतात आणि यातनांचा तमाशा मांडतात हे मी नाकारत नाही. ते भयानक रसाचे नव्हेत, टायबर्नचे वारसदार आहेत.

शेवटचा आक्षेप आपल्या भूमीतला आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्यांचा भुताखेतांवर खरोखर विश्वास आहे त्यांचे काय? करणी, भानामती, अंगात येणे यांपायी माणसे मारली गेली आहेत. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा समाजात भयपट काढणे म्हणजे आगीत तेल ओतणे नव्हे काय? माझ्या विवेचनातूनच याचे उत्तर निघते, आणि ते दोन्ही बाजूंना पूर्ण सुखावणारे नाही. भूत खरेच वेशीवरच्या वडावर बसते असे मानणाऱ्याच्या हाती चित्रपटातून रस लागत नाही, बातमी लागते. ती भीती त्याच्याबरोबर घरी येते, रात्री अंगणात जायला अडवते, उद्या एखाद्या म्हातारीवर चेटकीण म्हणून बोट रोखते. तिला धनी आहे. म्हणून ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी मला केवळ जाहिरातबाजी वाटत नाही, अपराध वाटतो. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’च्या (1999) निर्मात्यांनी तर त्यातले तरुण खरोखर बेपत्ता आहेत अशी हूल उठवली. त्याने थरार वाढला, हे मान्य. पण तो भ्रम पुरता फिटल्यावरही तो चित्रपट लोक आजही पाहतात, म्हणजे आनंदाचे मूळ त्या लबाडीत नव्हते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्यांनी भयपटाला सरसकट शत्रू मानू नये असे मला मनापासून वाटते. अंधश्रद्धेचे सारे बळ न पाहिलेल्या भीतीत असते. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण त्याच अंधाराची आहे. भीतीकडे डोळे उघडून पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याच्यावर मांत्रिकाची मात्रा चालणे अवघड जाते. कोविडच्या साथीत केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भयपटांच्या चाहत्यांना मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचे आढळले. एका पाहणीवर मी मोठा इमला उभारणार नाही, पण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही.

भीती अशी स्थिर दिसू लागली की तिच्या आडून काय काय दिसते, याची दोन मराठी मातीतली उदाहरणे आहेत. ‘तुंबाड’वर नारायण धारपांच्या कथेचा ठसा आहे. त्यात हस्तर भयंकर आहे, पण त्याच्याकडे कणकेची बाहुली घेऊन वारंवार उतरणारा विनायक अधिक भयंकर आहे. आपल्याला कळते की आपण हस्तरला भीत होतो, आणि भ्यायला हवे होते त्या सोन्याच्या मोहरांवर खिळलेल्या आपल्या नजरेला. 2017 साली प्रदर्शित झालेल्या विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’त उसाच्या फडात एक गरोदर बाई चकव्यात सापडल्यासारखी फिरते आणि भुते निघतात ती मुलगी म्हणून जगू न दिलेल्या जिवांशी नाते सांगणारी. हा विषय भाषणातून हजार वेळा ऐकलेला माणूस तिथे प्रथमच शहारतो. घारापुरीच्या सदाशिवाला सौम्य मुखांच्या शेजारी मिशा असलेले, सर्प धरलेले अघोर मुख कोरणाऱ्या शिल्पकाराला हे ठाऊक होते. त्याने ते मुख मागे लपवले नाही. दर्शनाला आलेल्या माणसाला ते दिसलेच पाहिजे अशा जागी त्याने ते ठेवले.

यातून दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. चित्रपट काढणाऱ्यांनी आपली कथा ही कथाच आहे हे स्पष्ट सांगावे आणि ‘सत्य घटना’ ही पाटी ज्या घटनेला पुरावा आहे तिच्यापुरतीच वापरावी. आणि आईवडिलांनी लहान मुलांना या खेळांना नेऊ नये. चारपाच वर्षांच्या मुलाला पडदा आणि घर यांतली सीमा अजून आखता येत नाही. ज्या विकल्पामुळे भीतीचा रस होतो तोच त्याच्यापाशी तयार झालेला नसतो. मोठ्यांसाठीचे प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाला कडेवरचे मूल घेऊन जाणारे पालक दिसले, तर दारावरच्या माणसाने त्यांना थांबवावे आणि रांगेतल्या इतरांनी त्याला साथ द्यावी.